कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: माशेलच्या घरात दहा महिने

गेल्या वर्षीच्या तयेला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरतालिकेला, माझी पुतणी आमच्या न्हाणीघरात पडली. या अलार्मच्या डबीबद्दल लिहायला बसले आहे तर सुरुवात तिथूनच करायला हवी. ती पडली नसती तर ही वस्तू आमच्या भिंतीवर कधीच आली नसती.

आमचं मूळ घर गोव्यात माशेलला. चवथीला मुंबई, बेळगाव, वास्को असे सगळीकडचे जमतात. २०२४ साली ६ सप्टेंबरला तय होती आणि घरात आम्ही चौदा माणसं. जुन्या न्हाणीत तांब्याचं भाण आहे, पण आता चुडतं-सोडणं पेटवून पाणी कोण तापवणार? तीन वर्षांपूर्वी आतल्या बाजूला नवं न्हाणीघर बांधलं. वर स्लॅब, भिंतींना टाइल्स, ॲल्युमिनियमची घट्ट खिडकी. संध्याकाळी व्होल्टेज पडतं म्हणून विजेचा न घेता गॅसचा गीझर घेतला आणि तो आत भिंतीवरच बसवला. बसवायला आलेल्या माणसाला मी विचारलं होतं, वेगळं भोक पाडायला हवं का? वर व्हेंटिलेटर आहे, पुरे, असं तो म्हणाला. त्या व्हेंटिलेटरमधून पावसात झड येते, म्हणून जूनमध्येच आम्ही त्याला प्लास्टिक लावून टाकलं होतं.

तयेला पहाटे साडेचारपासून बायकांच्या आंघोळी सुरू झाल्या. एकीमागून एक, गीझर क्षणभर बंद नाही. चौथ्या नंबरला धाकट्या जाऊबाई न्हाऊन आल्या आणि डोकं जड झालंय म्हणाल्या. उपासाचं डोकं, असं आम्ही सगळ्यांनी म्हटलं. पुढचीला मळमळलं. तिलाही आम्ही तेच सांगितलं. मग पुतणी गेली, एकोणीस वर्षांची, केस धुवायचे म्हणून जास्त वेळ लागणारी. धप्प असा आवाज आला. मी हाका मारल्या, उत्तर नाही. आत पाणी वाहतंय आणि गीझर घुर्र करतोय. कडी ढिली होती म्हणून दिरांनी खांद्याने दार ढकलल्यावर उघडलं. ती कोपऱ्यात बसल्यासारखी पडली होती, डोळे अर्धे उघडे. उचलून मागीलदारी आणली. पावसाच्या वाऱ्यात पाच-सात मिनिटांनी ती बोलायला लागली.

आम्ही तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवलं. उपास, अशक्तपणा, रक्त कमी असेल, सलाइन लावू, असं सांगितलं. आम्ही ते मानलंही असतं. पण तिचं डोकं ठणकत होतं आणि ती वांती करत होती, म्हणून दिरांनी गाडी दुसऱ्या इस्पितळात नेली. तिथे रात्रपाळी संपवत आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नाडी बघता बघता पहिलाच प्रश्न केला, "न्हाणीघरात गॅस गीझर आहे का?" त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही याची मला अजून हळहळ वाटते. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि तोंडावर शुद्ध ऑक्सिजनचा मास्क लावला. दुपारपर्यंत पोरगी हसत होती.

त्यांनीच मग आम्हाला समजावलं. गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत गीझर एकसारखा चालला की हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, छाती वरखाली होते, पण अंगाला प्राणवायू मिळत नाही. ऑक्सिमीटर रक्तात उजेड सोडून मोजतो आणि हा वायू चिकटलेलं रक्त त्या उजेडाला चांगल्या रक्तासारखंच दिसतं. म्हणून ९८. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघून जायला चार-पाच तास लागतात. मास्कवर तेच काम तासा-सव्वा तासात होतं.

मला सगळ्यात लागलं ते हे, की पहिली माणसं बरी होती आणि पुढची एकेक जास्त आजारी होत गेली. ही गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर घडत होती. मी छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, चौथीच्या मुलांना ज्वलनाचा धडा शिकवला, पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा ठेवून दाखवला. आणि घरात तोच प्रयोग माझ्या माणसांवर होत होता.

जुन्या न्हाणीत हे कधी का झालं नाही, हाही प्रश्न मला पडला. तिथे धूर व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण कौलांच्या फटीतून सगळं वर निघून जायचं. धूर झाला की माणूस आपोआप बाहेर येतो. गॅसला धूर नाही म्हणून आपण निर्धास्त असतो.

चवथ झाल्यावर मी पहिल्यांदा ऑनलाइन बघून 'गॅस डिटेक्टर' नावाची एक वस्तू मागवली. साधारण नऊशे रुपये. प्लगमध्ये खोचायची, पुढे लाल-हिरवे दिवे. आठ दिवसांत लक्षात आलं की सॅनिटायझर फवारला तरी ती केकाटते. जावई इंजिनिअर, त्यांनी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. ती फक्त सिलिंडरच्या गळतीसाठी होती. कार्बन मोनॉक्साइड तिला कळतच नाही. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखी फसगत पुष्कळांची होईल. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली लावतात. शिवाय त्यात मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, नाकाला कळतो. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, खोलीभर मिसळून जाणारा. धुराचा अलार्मही त्याला ओळखत नाही. तिन्ही वस्तू वेगळ्या आहेत आणि विकणाऱ्यांच्या पानांवर त्यांची सर्रास सरमिसळ केलेली असते.

माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तिथे गोंयकारांची मोठी वस्तीच आहे. फोनवर सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, माझ्या भाड्याच्या खोलीत घरमालकाने लावलाय, कायदाच आहे." इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, ज्या खोलीत गॅसचा बॉयलर किंवा शेगडीसारखं कायमचं जळणाचं उपकरण आहे तिथे हा अलार्म लावणं घरमालकाला बंधनकारक आहे. स्वयंपाकाची गॅस शेगडी तेवढी त्यातून वगळलेली आहे. डिसेंबरात सुट्टीला आला तेव्हा त्याने एक आणला. त्याला वीस पौंडांच्या आसपास पडला.

आता ही डबी. तळहाताएवढी, पांढरी, वजनाला अगदी हलकी. पुढे लहान पडदा, एक मोठं बटण, तीन बारीक दिवे. बॅटरी आतच सीलबंद, बदलायची भानगड नाही. पाठीवर चौकोनात लिहिलंय की २०३४ नंतर वापरू नका. आतला सेन्सर रासायनिक असतो, तो हळूहळू संपतो, म्हणून अशा प्रत्येक अलार्मला मुदत असते. कुणी घेतलात तर ही तारीख आधी बघा, दुकानात पडून राहिलेला माल नको. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण पाहायचं ते नाव नव्हे, पाठीवरचा मानकाचा आकडा. युरोपचं मानक म्हणजे इंग्रजीत ईएन आणि पुढे ५०२९१. हा आकडा नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

या मानकाचा अर्थ मी पुस्तिका वाचून समजून घेतला. पडद्यावर आकडा येतो तो पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग. पन्नासवर तो लगेच ओरडत नाही, एक ते दीड तासाने ओरडतो. शंभरवर दहा ते चाळीस मिनिटांत. तीनशेवर तीन मिनिटांच्या आत. आधी मला वाटलं, हा उशीर कशाला? पण विष चढायला किती वेळ लागतो त्याच्याशी तो हिशोब जुळवलेला आहे. थोडा वायू थोडा वेळ अंगावर गेला तर रक्त तो परत सोडून देतं. उगाच दर वेळी कोकलणारी वस्तू माणसं दोन दिवसांत काढून ठेवतात, हे मी पहिल्या डबीच्या वेळी पाहिलंच होतं.

आवाज पुष्कळ मोठा आहे. पाठीवर ८५ डेसिबल लिहिलंय. चार तीव्र ठोके, थोडा थांबा, परत चार ठोके. माझ्या सासूबाई ब्याऐंशीच्या, कमी ऐकू येतं, त्या वसरीत बसल्या होत्या तरी दचकल्या. बटण दाबून दर आठवड्याला आवाज तपासायचा असतो. मात्र त्या बटणाने भोंगा आणि आतली वायरिंग तपासली जाते, सेन्सर वायू ओळखतो की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणूनच मुदतीची तारीख पाळायची.

आम्ही ती लावली न्हाणीघराच्या बाहेरच्या बोळात, छतापासून वीतभर खाली. न्हाणीघरात वाफ असते, तिथे लावू नये असं पुस्तिकेत स्पष्ट आहे. इथेच या वस्तूची मर्यादा येते आणि ती मी लपवणार नाही. गीझर आत, माणूस आत, दार बंद आणि अलार्म बाहेर. बाहेर आकडा चढेपर्यंत आत काय होईल? म्हणून डबी यायच्या आधीच, ऑक्टोबरात, आम्ही गीझर मागीलदारी उघड्या पडवीत नेला. तिथून गरम पाण्याची नळी भिंतीतून आत आणली. त्या नळीच्या भोकाची फट मी स्वतः उभं राहून सिमेंटने बुजवून घेतली. २००६ साली ग्रीसमधल्या कोर्फू बेटावर हॉटेलच्या खोलीत दोन लहान ब्रिटिश मुलं याच वायूने गेली, त्यात बॉयलर खोलीच्या आत नव्हता, शेजारी होता. वायू नळ्यांच्या भोकातून आत आला. हे भाच्याने सांगितल्यापासून मला ती फट रात्री डोळ्यांसमोर यायची. आपल्याकडे तर दारादारांत पर्यटकांना खोल्या दिलेल्या असतात, त्यांच्या न्हाणीघरांतून गीझर कुठे लावलेत हे खोली देणाऱ्यांनी एकदा स्वतः जाऊन बघावं.

गीझर बाहेर गेल्यावर डबी दोन महिने शून्य दाखवत राहिली. मला वाटलं, आता तिचं काम उरलं नाही.

फेब्रुवारीत मुलगी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. बोळाला लागूनची खोली बाळंतिणीची केली आणि जावयांनी सहज म्हणून डबी तिथल्या कपाटावर, पलंगावर झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला आणून ठेवली. न्हाऊ घालायला येणारी बाई गावातलीच, हाताची इतकी चांगली की बाळ तिच्या पायांवर तेल लावताना झोपी जातं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिच्या आईने मला शेकलं होतं. बाराव्या दिवशी सकाळी गार होतं. न्हाणं झाल्यावर तिने चुलीतले करवंट्यांचे निखारे शेगडीत घेतले, वर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकल्या, बाळाला धुरी दिली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या, दाराला पडदा. धुरी संपल्यावर शेगडी पलंगाखाली सरकवली, शेक मिळावा म्हणून. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय आली होती. धूर अजिबात नाही. आपण अशाच निखाऱ्याला चांगला म्हणतो.

मी स्वयंपाकघरात आळिवाची खीर ढवळत होते. चार ठोके ऐकू आले. थांबा. परत चार. मला वाटलं कुणी बटण दाबलं. मग आठवलं की खोलीत बटण दाबणारं कुणीच नाही, दोघं झोपलीत.

पळत गेले तेव्हा पडद्यावर १३२ होतं. मुलगी गाढ झोपेत, बाळ तिच्या कुशीत. आधी बाळ उचललं, तिला हाका मारून उठवली, वसरीवर आणलं. न्हाऊ घालणारी बाई मागून धावत आली, "बाई, हें कितें वाजता?" (हे काय वाजतंय?) मी म्हटलं, आधी शेगडी अंगणात ने. खिडक्या उघडल्या. दहा-बारा मिनिटांत आकडा खाली आला. शेगडी ठेवून किती वेळ झाला होता ते मी नंतर मोजलं, अर्धा तासही नव्हता. मुलगी म्हणाली डोकं थोडं जड आहे. आम्ही दोघांनाही तडक दाखवून आणलं आणि या वेळी मी दारातच सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड, अमुक आकडा, इतका वेळ. डॉक्टरांना दुसरं काही विचारावं लागलं नाही. दोघंही सुखरूप होती.

लहान बाळ आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, त्यामुळे त्याच्या अंगात हा वायू लवकर चढतो. आणि ते सांगणार कसं की डोकं दुखतंय? रडलं असतं तर पोट दुखतंय म्हणून आम्ही हिंग लावलं असतं. झोपलं असतं तर गुणी बाळ म्हटलं असतं. त्या रात्री मी दोन वेळा उठून त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

शेगडीच्या पद्धतीला मी वाईट म्हणणार नाही. आमच्या आयांनी ती प्रेमाने केली, आणि ज्या घरांत केली ती कौलारू, फटी असलेली घरं होती. खोली बदलली, निखारा तोच राहिला. आता धुरी वसरीवर, दारं उघडी ठेवून होते आणि निखारे लगेच अंगणात जातात. शेकायला गरम पाण्याची पिशवी.

डबीच्या उणिवा सांगते. दहाच्या खालचा आकडा ती दाखवतच नाही, शून्यच दाखवते. त्यामुळे रोज थोडं-थोडं काही गळत असेल तर तिच्यावरून कळणार नाही. सगळ्या सूचना इंग्रजीत. सासूबाईंसाठी मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून शेजारी चिकटवलंय: "वाजली की बाहेर अंगणात. मग हाक मारा." पावसात मुंग्यांनी एकदा जाळीच्या भोकांपाशी रांग लावली होती. स्प्रे मारायचा नसतो, सेन्सर बिघडतो, म्हणून मी मऊ ब्रशने झाडून काढल्या. आणि मुख्य म्हणजे इथे फोंड्याला किंवा पणजीला मी चार-पाच दुकानांत विचारलं, सगळ्यांनी गळतीचा डिटेक्टरच पुढे केला. ही वस्तू आपल्याकडे सहज मिळायला हवी. गीझर विकतानाच दुकानदाराने शेजारी मांडायला हवी.

एक सवय मात्र लागली. गॅसची ज्योत बघते. निळी हवी. पिवळी, लवलवती झाली किंवा भांड्याला काजळी धरली की बर्नर साफ करून घेते, गीझरचीही वर्षातून एकदा तपासणी. यंदाच्या चवथीला सतरा माणसं होती, पुतणीही आली होती. पहाटे साडेचारला सगळ्यांच्या आधी तीच केस धुवायला गेली आणि मी दाराबाहेर उभी राहिले, तिला न सांगता.

न्हाऊ घालणारी बाई त्या दिवसानंतर आठवडाभर गप्प होती. मग एका सकाळी तेलाची वाटी खाली ठेवून म्हणाली, मी रोज पाच-सहा घरांत शेगडी ठेवते, दारं लावते. पुढे काही बोलली नाही, बाळाचे पाय चोळत राहिली. भाचा या डिसेंबरात परत येतोय. त्याला दोन आणायला सांगितल्यात. एक मुलीच्या सासरी वास्कोला जाईल. दुसरी न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या पिशवीत, तेलाच्या बाटलीशेजारी, ती जाईल त्या घरी जाईल.